बारमाही

चूक दुभाष्याची होती, असं मी चौकशी समितीला सांगू शकले असते, आणि ते अगदीच खोटं ठरलं नसतं. पण दुभाष्या म्हणजे कानात घालायचं, भाषांतर मोठ्यानं बोलून दाखवणारं वाटाण्याएवढं यंत्र. त्याच्यावर किती म्हणून ढकलायचं? त्यानं एका शब्दाचा भलता अर्थ सांगितला, एवढाच त्याचा गुन्हा. पुढचं सगळं आम्ही केलं, आणि त्यातलं बरंचसं मी.

मी ऋजुता, घरातली रुजू. कॅनडातल्या सॅस्कटूनला राहते. इथे जानेवारीत उणे पस्तीस असलं तरी कुणी त्याबद्दल बोलत नाही. मी एका संस्थेत झाडांच्या झोपेवर संशोधन करत होते. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी आईला वाईहून इकडे आणलं, तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती. पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेली बाई. तिला लोकांचं ऐकून घ्यायची सवय होती, पटवून घ्यायची नव्हती. येताना तिनं दोन बॅगा आणल्या. एकीत कपडे, दुसरीत देव आणि भांडी. भांड्यांवर बाबांचं नाव कोरलेलं होतं. ती भांडी मागे ठेवायला ती तयारच झाली नाही.

शेजारी स्टेफानिया राहत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे आवाज मोठा. तिच्या अंगणात पिओनीचं एक झुडूप होतं, कमळाएवढ्या लाल फुलांचं. तिच्या आजीनं युक्रेनमधून येताना त्याचं मूळ ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून बोटीनं आणलं होतं. ते झुडूप शंभरीच्या पुढचं होतं. दर जूनमध्ये स्टेफानिया त्यातलं एक फूल आपल्या बहिणीच्या थडग्यावर नेऊन ठेवायची. आईला ती गोष्ट फार आवडली. "माहेरचं झाड आहे तिचं," ती म्हणाली.

पहिल्या मे महिन्यात आम्ही तिघी रोपवाटिकेत गेलो. आईला देवपूजेसाठी फुलं हवी होती, रोज आणि अंगणातली. तिचे प्रश्न ठरलेले होते. हे कधी फुलतं? वास आहे का? देवाला चालेल का? स्टेफानिया मात्र फुलांच्या चित्रांकडे बघतच नव्हती. ती प्रत्येक कुंडीची चिठ्ठी उलटी करून मागचा आकडा वाचायची.

दुभाष्याची मराठी तेव्हा फार सोवळी होती. तो आईच्या कानात म्हणाला, "आदरणीय शेजारीणबाई, चित्रावर मोहित होऊ नये. अंक पाहावा. आपले गाव तिसऱ्या अंकात मोडते. तीन अथवा त्याहून कमी अंक असेल तरच रोप आपल्या हिवाळ्यात तगते."

आईनं आकडे वाचत सायबेरियन आयरिस घेतलं, यारो घेतलं, निळं डेल्फिनियम घेतलं आणि पिवळी डे-लिली घेतली. डे-लिलीचं फूल एकच दिवस टिकतं हे कळल्यावर म्हणाली, "म्हणजे जास्वंदीची बहीण." गाडीत कुंड्या ठेवताना स्टेफानियानं समाधानानं सगळ्यांवरून हात फिरवला आणि एक शब्द उच्चारला, 'पेरेनियल'. दुभाष्यानं तो शब्द आईला सांगितला: "बारमाही."

मी पुढच्या सीटवर होते. मी ते ऐकलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या धंद्यात त्या शब्दाला आम्ही बहुवर्षायू म्हणतो. अनेक वर्षं जगणारं. बारमाही नदी असते, विहीर असते. बारा महिने पाणी असणारी. आईनं तो शब्द तसाच घेतला, कुठलंही मराठी माणूस घेईल तसा.

उन्हाळा छान गेला. आईनं सगळ्यांना नावं ठेवली, म्हणजे चांगल्या अर्थानं. डेल्फिनियमला ती निळा तुरा म्हणायची. रानात उगवणारं जांभळं प्रेअरी क्रोकस, ज्याच्या देठाला लव असते, त्याचं नाव तिनं लोकरी ठेवलं. देवांपुढे रोज ताजं फूल असायचं. मग ऑक्टोबर आला, एका आठवड्यात पानं काळी पडली आणि देठ आडवे झाले. दिवाळी चार दिवसांवर होती.

मी कामावरून आले तर आई बागेत गुडघ्यांवर बसून आयरिस उपटत होती. शेजारी उपटलेल्या झुडपांचा ढीग. दिवाळीची साफसफाई चालली होती.

"दारात वाळलेलं झाड ठेवू नये, रुजू," ती म्हणाली. "तेही सणाच्या दिवसांत. सगळी मेली बघ. आणि ही म्हणे बारमाही."

तेवढ्यात स्टेफानिया एका पायात बूट आणि एका पायात सपात अशी धावत आली. तिनं आईच्या हातातलं आयरिस काढून घेतलं, बोटांनी माती उकरून पुन्हा बसवलं आणि दोन्ही तळवे गालाखाली घेऊन डोळे मिटले. दुभाष्या म्हणाला, "थांबावे. ती मृत नाहीत. ती निद्रिस्त आहेत."

मी आईला शब्दातला फरक समजावला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे वर्षं पुष्कळ, पण महिने पाच," ती म्हणाली. "मग उरलेले सात महिने देवांनी काय करायचं?"

दुकानातली फुलं विमानानं यायची, तिला ती शिळी वाटायची. मी दिव्याखाली जास्वंद वाढवली. दोन फुलं आली, ती तिनं माझ्या टेबलावर ठेवली. "हिनं सूर्य पाहिलेला नाही," म्हणाली. रोज सकाळी ती देवांना गंध लावायची, दिवा लावायची आणि ताम्हनात फुलाची जागा रिकामी ठेवायची. तक्रार केली नाही कधी. तिनं तक्रार केली असती तर मी भांडले असते आणि विषय संपला असता. त्या रिकाम्या जागेशी भांडता येत नव्हतं. मला ती रोज लागायची.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. थंड मुलखातलं झाड हिवाळ्यात मरत नाही, तसं नुसतं पडूनही राहत नाही. दिवस लहान होऊ लागले की पानं आपली साखर खाली पाठवतात. मुळं ती कणगीत धान्य भरावं तशी साठवतात. मग जमिनीलगतच्या डोळ्यातल्या, म्हणजे पुढच्या कोंबातल्या पेशी एकमेकींमधली बारीक दारं बुचं लावून बंद करतात. 'ऊठ, फूल' हा निरोप आला तरी त्या दारांतून आत जात नाही. म्हणून जानेवारीत एखादा दिवस उबदार निघाला तरी झाड फसत नाही. ते थंडीचे आठवडे मोजतं. पुरेसे झाले की बुचं विरघळतात, दारं उघडतात आणि निरोप पोहोचतो.

याच्या उलट वागणारंही एक झाड आहे. पूर्वेकडच्या दलदलीतलं स्कंक कॅबेज मुळातलं पीठ जाळून स्वतःला ऊब आणतं आणि भोवतालचं बर्फ वितळवून वर येतं. मी या दोन गोष्टी एकत्र आणल्या. झाडांच्या मुळांवर एक साधी बुरशी राहते. झाड तिला साखर देतं, ती झाडाला पाणी आणि क्षार देते. या देवाणघेवाणीत बारीकसारीक निरोपही जातात. माझ्या बुरशीतून दोनच निरोप जायचे. दारं लावू नका. साखर जाळा. उत्तरेकडच्या वस्त्यांना हिवाळ्यातही हिरवी भाजी मिळावी, असं मी अनुदानाच्या अर्जात लिहिलं होतं आणि ते खरंही होतं. पण रात्रंदिवस मी ज्यासाठी राबले ते त्या ताम्हनातल्या जागेसाठी, हे चौकशी समितीनं मला विचारलं नाही म्हणून मीही सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी ते जमलं. संस्थेच्या कुंपणाआड उणे वीसमध्ये लोकरी फुलली. प्रत्येक रोपाभोवती बर्फात वीतभर गोल वितळलेला, आणि मधे ओली काळी माती. आईला चित्रफीत दाखवली तर तिनं ती पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाली, "देवीचा जागर असतो, तसं जागं राहिलंय ते." आम्ही बुरशीचं नावच जागर ठेवलं. देवीचा जागरसुद्धा रात्रीपुरता असतो, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

जागर असलेली चिमूटभर मातीही संस्थेबाहेर न्यायची नाही, असा नियम होता. तो नियम मीच लिहिला होता. त्या ऑक्टोबरात मी लोकरीची एक कुंडी घरी आणली. कुंडीच्या तळाला भोक नव्हतं, ती मागच्या पायरीच्या सिमेंटवर राहणार होती, आणि आईला मी बजावलं होतं की हिला मी सोडून कुणी हात लावायचा नाही, फक्त फुलं खुडायची. मोठ्या हुशारीनं सगळा विचार केला होता. फक्त माझी आई कुणाची शेजारीण आहे, हे विसरले होते.

तो हिवाळा आईच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा असावा. रोज सकाळी कोट, टोपी, मोजे चढवून ती मागच्या दारानं जायची आणि तीन-चार जांभळी फुलं घेऊन यायची. स्टेफानिया कुंपणापलीकडून बघायची. आई तिला एक फूल द्यायची, स्टेफानिया ते कोटाच्या काजात खोवायची. दोघींचं चांगलंच जमलं होतं. स्टेफानियाला दही लावायचं होतं, म्हणून आईनं बाबांच्या नावाच्या वाटीतून विरजण दिलं. स्टेफानिया काचेच्या भांड्यातून बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या पाठवायची. भांडं परत जाताना आई त्यात कधी चिवडा घालायची, कधी बेसनाचे लाडू. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. ही गोष्ट मी जन्मापासून बघत आलेय, त्यामुळे मला ती दिसतच नव्हती.

पुढच्या जानेवारीत एका सकाळी आईनं मला खिडकीशी हाक मारली. स्टेफानियाच्या अंगणात माणसं जमली होती. कुणी फोटो काढत होतं. गुडघाभर बर्फात दोन हात रुंद गोल वितळला होता. त्यात लाल कोंबांची हातभर उंच काठी उभी होती आणि तिच्यावर पिओनीचं एक फूल उमललं होतं. बाहेर उणे बावीस. स्टेफानिया घोंगडी पांघरून त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसली होती, आणि तिचा चेहरा मी आजही विसरलेले नाही.

"लागलं बघ विरजण," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती मनापासून खूश होती.

"ऑगस्टमध्ये तिचं भांडं परत करायचं होतं. माझ्या गुडघ्यांमुळे काही करता आलं नव्हतं. आणि ती सांगत होती की या वर्षी दोनच फुलं आली, झाड म्हातारं झालंय. मग आपल्या लोकरीच्या कुंडीतली माती दिली भांडंभर. म्हटलं, झाडाच्या पायाशी घाल. चांगल्या दह्याचं चमचाभर विरजण दिलं की शेजारणीचंही दही लागतं. तू कुंडीला हात लावू नको म्हणाली होतीस, पण वरची वरची तर घेतली."

करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं म्हणतात. माकड तरी जिवंत असतं. आईला जे माहीत नव्हतं ते मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं होतं. संस्थेतल्या पहिल्या लोकरींचा तो तिसरा हिवाळा होता. वर फुलं दिमाखात होती. मी एक रोप उपटलं तर ते हातात अलगद आलं. मूळ पोकळ झालं होतं, कांद्याच्या वाळल्या सालीसारखं. दोन हिवाळे कणगी जाळून ते फुललं होतं आणि आता जाळायला काही उरलं नव्हतं. आठवडाभरात ओळीच्या ओळी गेल्या. झोप ही झाडाची अडचण नव्हती. ती त्याची जगण्याची रीत होती, आणि मी ती मोडली होती.

मी पूर्ण एक दिवस गप्प बसले. त्या दिवसाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. सांगितलं तर नोकरी जाणार, आईला बोल लागणार, आणि ती पिओनी खणून काढावी लागणार. नाही सांगितलं तर यंदा आणि पुढल्या हिवाळ्यात ती फुलेल आणि मग संपेल, आणि कुणालाही कारण कळणार नाही. म्हातारं झाड होतं, असंच सगळे म्हणतील. दुसऱ्या दिवशी पहाट व्हायच्या सुमारास मी माती तपासायची सळई घेऊन कुंपणालगत फिरले. जागर स्टेफानियाच्या पलीकडच्या घराच्या हद्दीपर्यंत पोचली होती. तिथे एका जोडप्यानं सफरचंदाची झाडं लावलेली होती. मग गप्प बसण्याचा प्रश्नच उरला नाही.

दुपारी आम्ही दोघी स्टेफानियाकडे गेलो. ती फुलाजवळच बसली होती. मी आईच्या कानातला दुभाष्या काढून खिशात टाकला. या वेळी मधे यंत्र नको होतं. मी इंग्रजीत सगळं सांगितलं, आणि तेच आईला मराठीत. आईला ते तिथेच, त्याच क्षणी कळत होतं. ती फुलाकडे बघत उभी राहिली.

स्टेफानियानं मला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "काही केलं नाही तर किती दिवस?"

"हा हिवाळा. बहुतेक पुढचा."

"आणि खणलं तर?"

"सगळं मूळ कापावं लागेल. जागर मुळांत असते, वरच्या डोळ्यांत नसते. चार-पाच डोळे वेगळे काढून, धुऊन, थंड खोलीत झोपवून ठेवता येतील. त्यातला एखादा कदाचित जगेल. कदाचित एकही नाही."

तिनं फुलावर पडलेलं भुरभुरतं बर्फ बोटानं झटकलं. मग तिनं जे म्हटलं त्याची मला अपेक्षा नव्हती. "मी ब्याऐंशी वर्षांची आहे. दोन हिवाळे मला पुरतील. आजीचं झाड माझ्याबरोबर गेलं तर काय बिघडलं? फुलू दे त्याला."

मी तिला सफरचंदांबद्दल सांगितलं, गल्लीबद्दल सांगितलं. तिनं मान फिरवली. तिच्यावर जबरदस्ती करायला मला संस्थेच्या माणसांना बोलवावं लागणार होतं, आणि मी ते करणारच होते. पण आईनं माझा हात सोडला आणि ती आमच्या घरात गेली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात उकळत्या पाण्याची किटली होती. मागच्या पायरीवर लोकरीची कुंडी होती, तिच्यात त्या दिवशी पाच फुलं होती. आईनं ती खुडलीसुद्धा नाहीत. कुंडीवर सगळी किटली ओतली. मग आत जाऊन दुसरी घेऊन आली, मग तिसरी. थंडीत वाफेचा एवढा लोट उठला की आई दिसेनाशी झाली. वाफ विरली तेव्हा ती कुंपणाशी उभी होती.

"सांग तिला," ती मला म्हणाली. "म्हणावं, माझं मी आधी संपवलं. आता तुझं मागते. तुला मी घाण दिली. लाडू म्हणून दिली, पण घाणच दिली. माफ कर म्हणत नाही. पण पलीकडच्यांच्या झाडांनी काय केलंय?"

मी सांगितलं. स्टेफानिया उठली, ओट्याखालच्या खोलीत गेली आणि कुदळ घेऊन आली. ती तिनं माझ्या हातात दिली. आईकडे तिनं बघितलं नाही.

जमीन गोठलेली असल्यामुळे खणायला दोन दिवस लागले. मूळ वर आलं ते लहान मुलाएवढं होतं, आणि अर्धं पोकळ. चार डोळे धड निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला पूजा करताना बघितलं. फुलाच्या जागी तिनं चिमूटभर तांदूळ घेतले, कुंकू लावलेले, आणि देवांवर वाहिले. "पुष्पार्थे अक्षतां समर्पयामि," ती पुटपुटली.

मी दारातच थांबले. हे मला ठाऊक होतं. लहानपणी शंभर वेळा ऐकलं होतं. जे नसेल त्याच्या जागी अक्षता. वस्त्र नसेल तर अक्षता, दागिना नसेल तर अक्षता, फूल नसेल तर अक्षता.

"आई, हे चालतं? मग इतकी वर्षं का नाही केलंस?"

तिनं घंटा खाली ठेवली. "अडचणीतल्या माणसासाठी आहे ते. माझी मुलगी झाडांची डॉक्टर. मला कसली आली अडचण? तू असताना तांदूळ वाहिले असते तर तुझाच कमीपणा झाला असता." थोड्या वेळानं ती म्हणाली, "म्हणून जागा रिकामी ठेवत होते. म्हटलं, आज ना उद्या रुजू आणेल."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. तिनं मला रडू दिलं.

पुढचं सगळं कागदोपत्री आहे. मी स्वतःहून कळवलं म्हणून खटला झाला नाही, पण संशोधन बंद झालं आणि माझं पदही गेलं. आता मी एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. आमच्या गल्लीतल्या सगळ्या अंगणांची माती हातभर खोल काढून भट्टीत भाजली. लोक माझ्यावर चिडले, ते जागर सोडल्याबद्दल नव्हे तर काढून घेतल्याबद्दल. त्यांना बर्फातली फुलं हवी होती. तीन वर्षांनी मरतील म्हटल्यावर एक गृहस्थ म्हणाले, मग आम्ही तीन वर्षांनी नवी आणू. दुसऱ्या कुठल्या देशात कुणीतरी तसल्या कुंड्या विकायच्या तयारीत आहे, असं मी मधूनमधून वाचते आणि दर वेळी तिथल्या सरकारला पत्र लिहिते.

स्टेफानिया आमच्याशी बोलेनाशी झाली. तिचं काचेचं भांडं आईनं त्या जानेवारीतच धुऊन तिच्या दाराशी ठेवलं होतं. तिच्याकडची विरजणाची वाटी मात्र परत आली नाही. वाटीवर बाबांचं नाव होतं, तरी आईनं ती एकदाही मागितली नाही.

संस्थेच्या थंड खोलीत, भाजलेल्या वाळूत चार डोळे झोपले होते. पहिल्या वर्षी दोन कुजले, दुसऱ्या वर्षी तिसरा. चौथ्याची तीनदा तपासणी झाली. तो निर्मळ निघाला. तिसऱ्या सप्टेंबरात त्यांनी तो स्टेफानियाच्या स्वाधीन केला. तिनं तो स्वतः लावला, बोटाच्या दोन पेरांएवढा खोल. पिओनी त्याहून खोल गेली तर फुलत नाही. मी मदतीला गेले तेव्हा तिनं हातानंच मला लांब राहायला सांगितलं.

त्याच महिन्यात आम्हालाही बाग करायची परवानगी मिळाली. आईला घेऊन मी रोपवाटिकेत गेले. तिचा गुडघा आता फार दुखतो, पण ती प्रत्येक कुंडीपाशी थांबली. चिठ्ठी उलटी करून आकडा बघितला. फूल कधी येतं, वास आहे का, यातलं काही तिनं विचारलं नाही. तिथल्या माणसाला ती एवढंच विचारत होती, "हे नीट झोपतं का?" दुभाष्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. तो माणूस आधी गोंधळला, मग विचार करून उत्तरं देऊ लागला. यारो गाढ झोपतं म्हणाला. आयरिसही. डेल्फिनियमची खात्री देता येत नाही म्हणाला. आईनं डेल्फिनियम परत ठेवलं. तिचा तो निळा तुरा आवडता होता.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, बर्फ वितळून चिखल झालेला असताना, दारावर थाप पडली. स्टेफानिया उभी होती. काठी घेतली होती तिनं आता. दुसऱ्या हातात बाबांच्या नावाची वाटी, घासून लखलखीत केलेली.

तिनं ती आईपुढे धरली. दुभाष्या म्हणाला, "रिकामी आहे. मी जाणूनबुजून रिकामी आणली आहे."

आईनं वाटी दोन्ही हातांनी घेतली, आत बघितलं, आणि हसली. "बरं केलंत, स्टेफीबाई," ती म्हणाली. "अशीच बरी."

मग स्टेफानियानं आम्हाला तिच्या अंगणात नेलं. ओल्या काळ्या मातीतून करंगळीच्या टोकाएवढा एक लाल कोंब वर आला होता. बर्फ गेल्यावर, आपल्या वेळेला. फुलायला आणखी तीन वर्षं लागतील, हे तिला सांगणं माझ्या जिवावर आलं, पण मी सांगितलं.

"तीन," ती म्हणाली. ती पंच्याऐंशी वर्षांची होती. "मग थांबावं लागेल." तिनं काठीनं कोंबाकडे बोट केल्यासारखं केलं आणि आईला तो जुनाच शब्द सांगितला.

"बारमाही," दुभाष्या म्हणाला.

मी चूक सुधारायला तोंड उघडलं. आईनं हात वर केला. "राहू दे, रुजू. कळलं मला."

घरी आल्यावर तिनं वाटी पुसली, तिच्यात तांदूळ घेतले, त्यांना कुंकू लावलं आणि देवांपुढे जाऊन बसली.